अर्धी उचललेली गाडी

समोरच्या गॅरेजातल्या बाईंना सगळा रस्ता वहिनी म्हणायचा. त्यांच्या वडिलांच्या वयाचे ट्रकवालेसुद्धा. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी. त्यांचा नवरा म्हणजे गॅरेजचा उस्ताद, त्याच्या धाकट्या भावाच्या. पण तो दिवसभर "वहिनी, पाना द्या", "वहिनी, चहा झाला का", "वहिनी, गिऱ्हाईक आलंय" असा पुकारा करायचा, आणि ते कानावर पडून पडून आम्हीही तेच म्हणायला लागलो. माझं गाड्या रंगवायचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. मधे एक रस्ता आणि एक गटार, बस. त्यांनी गाडी उचलायची, मी रंगवायची, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं.

उचलायची म्हणजे काय ते सांगतो. पिकअप कंपनीतून येते ती ठरावीक उंचीची. काही लोकांना ती उंची पुरत नाही. कोणाला खाणीच्या रस्त्यानं जायचं असतं, कोणाला नदीच्या वाळूतून, आणि बहुतेकांना कुठेच जायचं नसतं, फक्त शेजाऱ्याच्या गाडीकडे वरून बघायचं असतं. मग पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या, मागचे पोलादी पाटे बदलायचे, लांब शॉकअप घालायचे, मोठे रिम आणि जाड खाचांचे टायर चढवायचे. गाडी चांगली वीतभर वर जाते. उस्ताद म्हणायचा, "गाडी उंच झाली ना, की माणसाचा आवाज आपोआप बदलतो. येताना 'जरा बघता का' म्हणतो आणि जाताना नुसता हॉर्न वाजवतो."

या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. टायर आणि चाकांची बाजू वहिनींकडे. लग्नाआधी त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, त्यामुळे बारीक फरक त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. फिरत्या चाकावर हात ठेवून त्या सांगायच्या, इथे जड आहे, आणि चाक डगमगू नये म्हणून काठावर शिशाचा तुकडा ठोकायच्या. आपल्या छातीएवढं चाक त्या मांडीनं ढकलत आणायच्या. सुरुवातीला लोक पंक्चर नसतानाही ते बघायला यायचे. उस्ताद म्हणायचा, तिकीट लावलं पाहिजे. वहिनी म्हणायच्या, "ह्यांना सांगा, आधी हवेच्या मशीनचा पट्टा बदला, मग तिकीट लावा." नवऱ्याचं नाव त्या कधी घ्यायच्या नाहीत. 'हे' म्हणायच्या, किंवा आमच्यासमोर 'तुमचे उस्ताद'.

गॅरेजच्या वरच घर. दोन खोल्या आणि एक लांबट स्वयंपाकघर, त्याच्या खिडकीतून थेट खालचं काम दिसतं. तिथे उस्तादची आई बसून असायची. दोन्ही मुलगे नजरेच्या टप्प्यात आहेत म्हटल्यावर तिला दुसरं काही लागायचं नाही. आणि उस्तादची मुलगी, तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत, ती जिन्यावर बसून अभ्यास करायची, कारण तिथे वारा लागतो.

एका गोष्टीवरून मात्र उस्ताद कोणालाही फाडून खायचा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय कोणी शिरलं, की संपलं. घोडी म्हणजे तीन पायांचा लोखंडी टेकू. जॅकमध्ये तेल असतं, ते कधीही बसू शकतं. घोडी बसत नाही. उंच गाड्यांसाठी त्यानं मुद्दाम चार उंच घोड्या बनवून घेतल्या होत्या. एकदा शेजारच्या गॅरेजचा मालक नुसत्या जॅकवर गाडीखाली गेला, तेव्हा या पठ्ठ्यानं त्याला पाय धरून बाहेर ओढला होता. दोघांची चांगलीच जुंपली. मीच मधे पडलो.

त्याच माणसाचं असं व्हावं.

दाताच्या डॉक्टरांनी एक मोठी काळी पिकअप आणली होती. डॉक्टर भले माणूस, बुटके, लाजरे. गाडी इतकी उंच हवी होती की चढायला त्यांना पायरी लागली असती. पुढची बाजू झाली होती. नवीन स्प्रिंगा, नवे टायर, गाडीनं तोंड वर केलेलं. मागची चाकं काढलेली, पाटे सोडवलेले, मागचा सगळा भार दोन उंच घोड्यांवर. दुपारी उस्ताद मडगार्डच्या रंगाचं विचारायला माझ्याकडे आला. आम्ही दोन रंगांचे नमुने उन्हात धरून बघितले. जाताना म्हणाला, "चकाकणारा नको. डॉक्टर आधीच घाबरतात, आरशासारखा रंग दिलास तर स्वतःलाच बघून पळतील." हसत हसत रस्ता ओलांडून गेला आणि फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकला.

मी ब्रश धुवत होतो. आधी लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, मग जमीन हादरल्यासारखा धप्पकन दुसरा. वहिनींची किंकाळी मी ऐकली नाही, कारण त्या किंचाळल्याच नाहीत. मी पोहोचलो तेव्हा त्या लांब पहार गाडीखाली घालून सगळं अंग तिच्यावर टाकत होत्या आणि नुसतं "हं, हं" करत होत्या, जड चाक हलवताना करायच्या तसं. आणखी माणसं धावून आली, गाडी उचलली, त्याला बाहेर काढला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

धाकटा तेव्हा गॅरेजात नव्हता. पिकअपच्या शेजारच्या जागेत पाववाल्याची व्हॅन उभी होती, तिच्या कामाचं एक रबर आणायला तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला होता. परत आला तो हातात ती छोटी पुडी घेऊन, आणि तसाच भिंतीला पाठ लावून खाली बसला. पुडी कितीतरी वेळ मुठीत होती.

पोलीस आले. आईला कोणीतरी धरून खाली आणलं होतं, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्यांच्यातल्या साहेबानं गाडीखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "एका बाजूला घोडी आहे, दुसऱ्या बाजूला नुसता जॅक. असं का?"

धाकट्यानं मान वर केली नाही. वहिनींनी एकदा पाववाल्याच्या व्हॅनकडे बघितलं. मग आईकडे. आई खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून धाकट्याकडे बघत होती, जणू नजर हटवली तर तोही जाईल.

"घाई होती ह्यांना," वहिनी म्हणाल्या. "राहिली असेल लावायची."

तेच लिहिलं गेलं.

मी तिथेच उभा होतो आणि मला काही कळलं नाही. एवढंच वाटलं की हे खरं कसं असेल. पण बायकोच सांगते म्हटल्यावर मी कोण बोलणार?

त्यानंतर रस्त्यावर जे सुरू झालं ते वाईट होतं. लोक हळहळायचे आणि हळहळता हळहळता शहाणपण शिकवायचे. "दुसऱ्यांना शिव्या द्यायचा आणि स्वतः नुसत्या जॅकवर गेला." "नावाचाच उस्ताद." ज्याला त्यानं पाय धरून ओढलं होतं तो शेजारचा मालक तर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ही गोष्ट सांगायचा. वहिनी टायरला हवा भरत असायच्या आणि हे सगळं त्यांच्या कानावर जायचं. मुलीला शाळेत वर्गातली एकजण म्हणाली, तुझे बाबा स्वतःच्या चुकीनं गेले. ती त्या मुलीच्या अंगावर धावून गेली. घरी येऊन आईला म्हणाली, "बाबा असं करणंच शक्य नाही. तू सांग ना सगळ्यांना." वहिनी म्हणाल्या, "हात धुऊन जेवायला बस."

आणि ती गाडी तिथेच. पुढून उंच, मागून खाली बसलेली, तोंड वर करून आकाशाकडे बघत असलेली. गॅरेजात जागा दोनच गाड्यांची, त्यातली एक तिनं अडवलेली. डॉक्टर भेटायला आले, दारातच उभे राहिले, म्हणाले, "गाडीचं मनात आणू नका. कधीही होऊ दे. नाही झाली तरी चालेल." दुसऱ्या एका गॅरेजवाल्याला वहिनींनी विचारलं, ओढून नेऊन पुरी करशील का. त्यानं सरळ हात जोडले. ती गाडी आम्हाला नको.

एक दिवस सकाळी वहिनी धाकट्याला म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टरांची गाडी पुरी करायची."

धाकट्याची तेव्हा अवस्था अशी की दिसेल ते काम करायचा, पण वर घरात जेवायला जायचा नाही. खालीच पावाचा तुकडा चघळायचा. आई खिडकीतून हाका मारायची, तो ऐकू न आल्यासारखं करायचा. अंग निम्मं झालं होतं.

"मला नाही जमणार," तो म्हणाला.

"बरं," म्हणून वहिनींनी स्वतःच सुरुवात केली. घोड्या लावल्या, हलवून बघितल्या, पुन्हा हलवून बघितल्या आणि पाठीवर आडव्या होऊन आत गेल्या. मी समोरून बघत होतो. माझा हात चालेना. चाकाची, टायरची बाई, गाडीखाली कधी शिरली नव्हती. ज्या जागी नवरा गेला त्या जागी पाठ टेकून त्या गंजलेला बोल्ट सोडवत होत्या. नवे पाटे मात्र एकट्या माणसाला उचलत नाहीत. एक टोक धरलं की दुसरं निसटतं. दोन-तीनदा पाटा दणकन खाली पडला. चौथ्या वेळी दुसऱ्या बाजूनं कोणीतरी तो धरला. धाकटा आत सरकला होता.

तिथे त्यांचं जे बोलणं झालं ते वहिनींनी मला पुष्कळ नंतर सांगितलं.

धाकटा वरच्या लोखंडाकडे बघत म्हणाला, "वहिनी, तुम्हाला माहीत आहे ना?"

"काय?"

"व्हॅनखाली घोडी कोणती होती ते."

वहिनी म्हणाल्या, "माहीत आहे."

त्या दिवशी त्याच्या छोट्या घोडीची खीळ वाकली होती. दादा रंगवाल्याशी बोलतोय, लगेच काही येत नाही, अशा हिशेबानं त्यानं पिकअपच्या मागची एक उंच घोडी काढून व्हॅनखाली लावली आणि तिच्या जागी जॅक ठेवला. रबर घेऊन आलो की परत लावू. दुकानात गर्दी होती. बस, एवढंच. दादाला हाक मारून सांगायला रस्ता ओलांडावा लागला असता.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" त्यानं विचारलं.

"आई समोर बसल्या होत्या."

तो रडला का, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नाही. म्हणाले, बोल्ट द्या." मग दोघांनी पाटा चढवला.

गाडी पुरी झाली. चाकं वहिनींनी बसवली, मडगार्ड मी रंगवले, उस्तादनं सांगितला होता त्याच रंगात, न चकाकणाऱ्या. डॉक्टर न्यायला आले त्या दिवशी आईसुद्धा खाली आली. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच. म्हणाली, माझ्या मुलाचं शेवटचं काम आहे, मला बघू दे. मुलगी तिचा हात धरून उभी होती. गाडी खरंच देखणी झाली होती, चारी चाकांवर सरळ आणि रुबाबदार.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारे चांगलं काहीतरी बोलायला गेले. म्हणाले, "उस्तादांचा हात म्हणजे हात होता. एवढा जाणकार माणूस, नेमका त्याच दिवशी घोडी लावायला विसरावा..."

"नाही विसरला," धाकटा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो हात पुसायच्या फडक्याला पीळ देत होता.

"दादानं दोन्ही लावल्या होत्या. मी काढली एक. पाववाल्याच्या व्हॅनला लावायला. त्याला सांगितलं नाही."

वहिनी पुढे होऊन म्हणाल्या, "भाऊजी, पुरे."

"वहिनींना पहिल्यापासून माहीत आहे," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं हे वहिनींचं मोठेपण होतं, म्हणून सांगितलं. ते सांगायला नको होतं.

आईनं धाकट्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सुनेकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"आई, वर चला. आपण बोलू."

"सगळा रस्ता माझ्या मुलाला वेड्यात काढत होता. मी खिडकीतून ऐकत होते. मलाही वाटायला लागलं, असेल बाई, केला असेल हलगर्जीपणा. माझ्याच मुलाबद्दल मला असं वाटलं. आणि तू गप्प होतीस?"

"तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी म्हणू नकोस."

मुलगी आजीचा हात सोडून जिन्यानं वर पळाली. डॉक्टर किल्ली हातात धरून अवघडून उभे. शेवटी मीच त्यांना म्हटलं, डॉक्टर, तुम्ही निघा. इतक्या उंच गाडीत ते कसेबसे चढले आणि हॉर्न न वाजवता गेले.

धाकटा त्याच दिवशी पोलिसांकडे गेला. त्यानं सगळं सांगितलं. तिथल्या साहेबानं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "प्रकरण मिटलंय. तुमच्या घरात एक माणूस गेलाय, आता दुसरा कशाला घालवता? घरी जा." तो घरी आला. घर म्हणजे गॅरेजातलं बाक. शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला पाणी पाजून परत पाठवलं, याचं त्यानं काय करायचं?

वर तर बोलणंच थांबलं. आई धाकट्याशी एक शब्द बोलेना. सुनेशी बोलायची ते टोचून. "विचार तुझ्या आईला, तिला सगळं माहीत असतं," असं नातीला सांगायची. नातीचा राग वेगळा होता. तिनं वहिनींना एकदाच तोंडावर विचारलं, "मी सगळ्यांशी भांडत होते. तू बघत होतीस. मला तरी सांगायचंस."  वहिनींना एका म्हातारीचा उरलेला मुलगा वाचवायचा होता. त्या नादात मुलीचा बाप रोज थोडा थोडा लहान होत गेला, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्यांनी ते चालवून घेतलं होतं.

रस्त्यावरच्या तोंडांचं काय, ती लगेच फिरली. उस्ताद पुन्हा उस्ताद झाला. शेजारचा मालक आता सांगू लागला, मी तर पहिल्यापासून म्हणत होतो. धाकट्याकडे मात्र लोक गाडी द्यायला कचरायला लागले. तो वाकून काम करत असला की बघे त्याच्याकडे नाही, गाडीखाली घोड्या आहेत का ते बघायचे. एका सकाळी तो मला सांगायला आला की लांब एका खाणीवर यंत्रं दुरुस्त करायचं काम मिळालंय. "वहिनींना मदत लागली तर बघाल ना?" म्हणाला. वहिनींनी त्याला डबा करून दिला. आई खिडकीत बसून होती. तो रस्त्याच्या टोकाला जाईपर्यंत तिनं बघितलं, पण हाक मारली नाही.

तो गेल्यावर आईचा सगळा कडवटपणा सुनेच्या वाट्याला आला. "तुझ्यामुळे गेला," हेही आता त्यांच्याच माथी.  वहिनी फक्त चाकं जरा जास्त जोरात आपटायच्या. हाताखाली एक पगारी फिटर ठेवला, तोंड जास्त चालणारा, पण कामाला बरा. गाड्या उचलायचं काम चालू राहिलं. मला वाटलं होतं ते त्या सोडतील. म्हणाल्या, "सोडून काय करू? चष्मे घासायला आता माझीच नजर राहिली नाही."

पुढे आई अंथरुणाला खिळली. वहिनीच तिचं सगळं करायच्या. अंग पुसणं, चमच्यानं भरवणं, खाली गिऱ्हाईक ओरडत असतानाही. एके दिवशी वहिनींनी आईला न विचारताच धाकट्याला फोन केला. तो आला. वर येऊन जिन्यात बसला, आत जायचा धीर होईना. मधे एक उघडं दार. त्याचा खोकला आईला ऐकू गेला असणारच.

वहिनी आईच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आत बोलावू का?"

 आई म्हणाली, "जेवायला घाल त्याला."

"आणि आत?"

आईनं मान भिंतीकडे वळवली.

वहिनींनी जिन्यातच ताट आणून दिलं. त्यानं ते सगळं खाल्लं, ताट धुऊन ठेवलं आणि परतीच्या गाडीनं गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. पोहोचवायला तो आला होता. सगळ्यांच्या मागे उभा होता आणि लगेच निघून गेला. वहिनींनी त्याला थांबा म्हटलं होतं. वर दोन खोल्या आहेत, काम आहे, या आता. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही बोलावता म्हणूनच येववत नाही."

मी एकदा धीर करून वहिनींना विचारलं, तेव्हा खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का. त्या टायरची कड तपासत होत्या. म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतं तर आई तेव्हाच भाऊजींशी बोलायच्या बंद झाल्या असत्या. ते पेलायची ताकद तेव्हा घरात कोणाकडेच नव्हती. नंतरही नव्हतीच म्हणा." आणि मला म्हणाल्या, जरा तो दिवा इकडे करा.

मुलगी आता दुसऱ्या शहरात शिकते. सुट्टीत येते, खाली आईला मदत करते, जेवताना हसून खेळून बोलते. त्या दिवसाचा विषय दोघी काढत नाहीत. काकाला मात्र ती अधूनमधून फोन करते, जिन्यात जाऊन, हळू आवाजात. हे वहिनींना माहीत आहे. ती बोलत असली की त्या हवेचं मशीन चालू करतात, म्हणजे आपल्याला ऐकू येणार नाही.